सात अंगठे आणि एक अडलेला लॉट

ताई, नमस्कार.
मी 29 वर्षांचा. राहतो कळव्याला, नोकरी रबाळे एमआयडीसीत, फरशी पुसायचं लिक्विड बाटल्यांत भरणाऱ्या कंपनीत. पाच वर्षं लाईनवर काढली, गेल्या दिवाळीत सुपरवायझर झालो. तेव्हापासून कोणी नीट ऐकतच नाही. छोट्या छोट्या गोष्टींसाठी फोन करू नका, असं सांगून ठेवलंय आणि सगळ्या सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर लेखी देतो (ग्रुप 'ओन्ली ॲडमिन' केलाय, नाहीतर नुसते गुड मॉर्निंग येतात). परवा सुटल्यावर स्टेशनवरून मेसेज टाकला, '200 झालं की बाकीच्यावर नवीन बॅच टाका.' सात जणांनी अंगठा दिला. मला म्हणायचं होतं, 200 एमएलच्या बाटल्या संपल्या की 500 एमएलवर नवीन बॅच नंबर. सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरने 200 बॉक्स झाल्यावर त्याच बाटल्यांवर नंबर बदलला. सकाळी क्यूसीने (माल तपासणाऱ्या खात्याने) लॉट अडवला आणि साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं. मी ऑपरेटरला मेमो दिला, तर उलट मलाच म्हणतो, 'शंका आलेली साहेब, पण विचारणार कुठे?' पूर्वी मी या ऑपरेटरना काका म्हणायचो, म्हणून डोक्यावर बसलेत. आता कडक व्हावं का? की ठाण्यात कम्युनिकेशन स्किलचा 18 हजारांचा क्लास आहे, तो लावू?
— वैतागलेला सुपरवायझर

अरे वैतागलेल्या,

पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू कंसात टाकून मोकळा झालास. ग्रुप 'ओन्ली ॲडमिन' केलाय म्हणे. म्हणजे बोलणार फक्त तू. बाकीच्यांनी वाचायचं आणि अंगठा द्यायचा, कारण त्या ग्रुपवर त्यांना दुसरं काही करताच येत नाही. आणि मग ते सात अंगठे मोजून तू समजलास की सात जणांना कळलं! त्यांच्या अंगठ्याचा अर्थ 'मेसेज दिसला' एवढाच होता. कदाचित तेवढाही नसेल, पहिल्याने दिला म्हणून दुसऱ्याने दिला असेल.

आधी ती सेटिंग काढ. आत्ता, हे पुढचं वाचायच्या आधी. गुड मॉर्निंग येतील, येऊ देत. गुलाबाच्या फुलांनी आजवर कुठला लॉट अडलेला नाही.

काढलीस? आता तुझा तो मेसेज बघू. '200 झालं की बाकीच्यावर नवीन बॅच टाका.' ज्या लाईनवर 200 एमएलची बाटली भरली जाते आणि बॉक्सही मोजले जातात, तिथे नुसतं '200' लिहिलंस. 'बाकीच्यावर' म्हणजे कशावर, तेही तुझ्याच डोक्यात राहिलं. काकांनी वाचलं तसं मीही वाचलं, आणि मीही बॉक्सच धरले असते. ते मशीनसमोर उभे, कोडरमधून बाटल्यांवर नंबर पडताहेत, 200 बॉक्स भरत आलेत आणि मनात शंका आली आहे. ग्रुपवर लिहिता येत नाही. फोन करावा, तर छोट्या गोष्टींसाठी करू नका असा तुझा हुकूम. त्यात तू त्या वेळी ठाण्याला पूल चढून गाडी बदलत असणार. मग माणूस काय करतो? अंदाज करतो. त्यांनी केला.

'विचारणार कुठे?' याला तू उलट उत्तर म्हणतोस. तुझ्या सबंध पत्रात तेवढंच एक वाक्य सरळ आहे, आणि ते तुझं नाही.

तुझे साहेब चारचौघांत ओरडले, ते चुकलंच त्यांचं. पण मला पत्र त्यांनी लिहिलेलं नाही, तू लिहिलंयस. शिवाय त्यांनी तुला जे दिलं तेच तू मेमोवर सही करून काकांना दिलंस, हे तुझ्या लक्षात आलंय का?

लेखी दिलं की आपण सुटलो, हा समज फार जुना आहे आणि फार महागात पडलेला आहे. 6 जुलै 1988ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर स्फोट होऊन 167 माणसं गेली. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. त्याचा कागद रीतसर भरलेला होता. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा रात्रपाळीने हाच पंप चालू केला, कारण व्हॉल्व्ह काढल्याची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नव्हती. तुझ्याकडे फक्त बाटल्यांवरचे नंबर पुसून परत मारावे लागले असतील, दोन हेल्परांचा दिवस गेला असेल. कोणाला काही झालं नाही, एवढं नशीब समज.

आता तू रोज ज्या लोकलने येतोस तिचंच घे. गार्ड, आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, गाडी सोडायला दोन बेल देतो. मोटरमनही दोन बेल देऊन त्याला पोच देतो, तेव्हा गाडी हलते. मोटरमनने एकदा ऐकलं की पुरे, असं रेल्वे धरून चालत नाही. जे ऐकलं तेच परत वाजवायचं. तुझ्या लाईनवर ही दुसरी बेल कोण देतं?

म्हणून एकच काम सांगते. उद्या तीन वाजता, फर्स्ट शिफ्ट सुटायच्या आणि सेकंड शिफ्ट लागायच्या वेळी, केबिनमधून खाली उतर आणि लाईनवर उभा राहा. दिवसाचं काम तोंडाने सांग. मग काकांना विचार, 'काका, आज आपण काय काय करणार? मला एकदा सांगा बघू.' आणि गप्प राहा. ते सांगतील त्यात जिथे फरक पडेल तिथे तुझं सांगणं कच्चं होतं, असं धर आणि पुन्हा सांग. रोज दहा मिनिटं. संध्याकाळी घाईने काही बदल सांगायचा झाला, तर फोन करून सांग आणि तोही त्यांच्या तोंडून ऐकून घे. ग्रुपवर टाकायचंच असेल तर नंतर, आठवण म्हणून.

'समजलं का?' हा प्रश्न मात्र बंद. त्याचं उत्तर कायम 'हो' येतं. मेमो देऊ शकणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणेल? कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा तर नाहीच म्हणणार, त्याला उद्या गेटवर अडवतील याची भीती असते. तू स्वतः पाच वर्षं लाईनवर असताना किती वेळा न समजता मान हलवलीस, ते आठव.

सुरुवातीला येणारे प्रश्न बावळट वाटतील. एखादा मुद्दाम टवाळीही करेल. तेव्हा तुझ्या कपाळावर आठी पडली की संपलं. सगळी लाईन तुझं तोंड बघत असते आणि तिथून पुढे महिनाभर कोणी काही विचारणार नाही. तुला कडक व्हायची फार हौस आहे ना, मग तिथे हो. स्वतःशी.

काका म्हणायचो म्हणून डोक्यावर बसले, हे मला पटत नाही. डोक्यावर बसलेला माणूस शंका आल्यावर गप्प राहत नाही, तो तुला भर लोकलमध्ये फोन करून छळतो. ते तुला घाबरून गप्प राहिले. ज्यांना पाच वर्षं काका म्हणालास, त्यांना तू एका दिवाळीत तुझी भीती वाटायला लावलीस. काकाच म्हण त्यांना. सुपरवायझरची खुर्ची त्याने हलत नाही.

आणि तो मेमो मागे घे. एचआरला दोन ओळी लिहून दे की सूचना अर्धवट होती, ऑपरेटरची चूक नाही. साहेब विचारतील, तेव्हा त्यांनाही हेच सांग. झापतील कदाचित परत. झापू देत.

क्लास लावू नकोस. ॲडव्हान्स भरला असशील तर परत मागून बघ. बहुतेक देणार नाहीत.

— ताई