पहिल्या बाळंतपणात दवाखान्यात नेमकं कधी निघायचं आणि बाळ आल्यावर पहिल्या तासात काय करायचं?

ताई, तुमचे ३७ आठवडे पूर्ण झालेत, माहेरी आला आहात आणि ग्रामीण रुग्णालय पाऊण तासाच्या वाटेवर आहे. खऱ्या कळा कशा ओळखायच्या, कधी निघायचं आणि बाळ झाल्यावर पहिल्या तासात काय करायचं, हे तुम्ही विचारलंय. आजी मध चाटवायचा म्हणताहेत, तेही लिहिलंय. माझं काम प्रसूतिगृहातलंच, त्यामुळे सविस्तर लिहिते. पहिल्या बाळंतपणात जे बिघडतं त्यातलं बरंचसं नको तिथे घाई केल्याने बिघडतं, आणि बाकीचं जिथे घाई हवी तिथे वाट बघत बसल्याने. तेवढा फरक नीट कळला की निम्मी भीती जाते.

आधी कळा. शेवटच्या महिन्यात पोट अधूनमधून आवळतं, त्या खोट्या कळा. कधी वीस मिनिटांनी, कधी दोन तासांनी येतात, पाणी पिऊन डाव्या कुशीवर पडलं किंवा चार पावलं चाललं की विरतात. खऱ्या कळा बहुतेक वेळा कमरेतून उठून पुढे ओटीपोटात येतात, काही केलं तरी थांबत नाहीत, आणि तासागणिक जवळजवळ, लांब आणि जोराच्या होत जातात. ओळखायचं तर तळहात बेंबीच्या वर पोटावर सपाट ठेवा. जोराच्या कळेत पोट कपाळासारखं टणक लागतं, बोटाने दाबलं तरी दबत नाही. कळ ओसरली की तेच पोट गालासारखं मऊ होतं. टणक होण्याच्या क्षणी घड्याळ बघा, पुढच्या वेळी टणक झाल्यावर पुन्हा बघा. हे दोन कळांमधलं अंतर. पुष्कळ जण एक कळ संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ मोजतात आणि अंतर कमी भरतं. सुरुवातीपासून सुरुवातीपर्यंतच मोजायचं.

पहिलटकरणीने साधारण पाच मिनिटांनी एक, एकेक मिनिटभर टिकणारी, अशा कळा तासभर आल्या की निघायचं, असा नेम आहे. तुमची वाट पाऊण तासाची, म्हणून सात-आठ मिनिटांवर आल्या की निघा. आधीचं सिझर, जुळं, पायाळू बाळ, बीपी किंवा साखर यातलं काही असेल, तर पहिल्या नियमित कळेलाच. चिकट लालसर स्राव गेला म्हणून धावत सुटायचं कारण नाही. गर्भपिशवीचं तोंड मऊ पडतंय एवढाच त्याचा अर्थ, त्यानंतर कळा लागायला कधी काही तास लागतात, कधी दोन-तीन दिवसही.

पण पुढच्या गोष्टींत घड्याळ बघायचंच नाही, लगेच निघायचं. पाणी गेलं, मग कळा असोत वा नसोत: स्वच्छ पॅड लावा, वेळ लिहून ठेवा, पाण्याचा रंग बघा. पाणी स्वच्छ किंवा किंचित गुलाबी ठीक. हिरवट-काळपट असेल तर बाळाने आत शी केली आहे, हे फोनवरच सांगा म्हणजे तिथे तयारी राहते. पाळीसारखं ताजं रक्त जात असेल, पोट मध्ये न सुटता सतत दुखत असेल, डोकं ठणकतंय आणि डोळ्यांपुढे अंधारी येतेय, किंवा बाळाचं हलणं कमी झालंय, तरी थांबू नका. हलण्याची शंका आली तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर पडा. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर त्याच दिवशी जाऊन ठोके तपासा, उद्यावर टाकू नका. क्वचित पाण्याबरोबर नाळ खाली येते, मऊ दोरीसारखं काही हाताला लागतं. ती आत ढकलू नका, ओढू नका. गुडघे आणि छाती टेकून, ढुंगण वर, अशा स्थितीत राहा आणि घरच्यांना १०८ ला फोन लावायला सांगा. गर्भवतीला ने-आण करायला १०२ ची गाडी आहे. हे दोन्ही नंबर आणि तुमच्या आशाताईंचा नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा.

बॅग फार मोठी नको. माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगटासह सगळे रिपोर्ट, आधार, बँक पासबुकाची प्रत. तुमच्यासाठी पुढून उघडणारे दोन गाऊन, मोठे पॅड, चप्पल. बाळासाठी धुऊन उन्हात वाळवलेली चार सुती दुपटी, टोपडं, मोजे, झबली, लंगोट. कपडे नवेकोरे न धुता घालू नका. खर्चाची काळजी असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण आणि घरी सोडणारी गाडी हे सगळं मोफत आहे. कोणी बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली तर हे आठवणीत ठेवून शांतपणे विचारा.

आता लेबर रूम. आत तपासून सिस्टर म्हणतील, ‘दोन बोटं उघडलंय.’ म्हणजे साधारण ३ ते ४ सेंटीमीटर. पूर्ण म्हणजे १० सेंटीमीटर. इथेच घरच्यांचा धीर सुटतो. रात्रभर कळा येऊनही एवढंच? हो, एवढंच, आणि ते ठीक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनाप्रमाणे खरी जोराची प्रसूती ५ सेंटीमीटरपासून धरतात. त्याआधीचा टप्पा किती चालेल याला ठरलेलं गणित नाही, आणि त्यानंतरही पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात. बाळाचे ठोके नीट असतील आणि तुमची तब्येत ठीक असेल तर या वेळेत चाला, बसा, कुशीवर पडा. उताणं पडून राहू नका. गर्भपिशवीच्या वजनाने मोठी रक्तवाहिनी दाबली जाते आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. पेज, सरबत, नारळपाणी घोटघोट घेत राहा, डॉक्टरांनी उपाशी ठेवायला सांगितलं नसेल तर. दर दोन तासांनी लघवीला जा, इच्छा नसली तरी. लघवीची भरलेली पिशवी बाळाचं डोकं खाली उतरू देत नाही आणि नंतर रक्तस्राव वाढवते. हे एवढं साधं काम कळांच्या गडबडीत हमखास विसरलं जातं. सोबत आलेल्या बाईकडेच ही आठवण सोपवा. सोबतीला सरकारी दवाखान्यातही २०१६ पासून परवानगी आहे. स्वतः बाळंतपण अनुभवलेली, न घाबरणारी, कमरेला हात चोळणारी बाई निवडा.

एका गोष्टीबद्दल हात जोडून सांगते. घरी किंवा गावातल्या छोट्या दवाखान्यात ‘कळा वाढवायचं इंजेक्शन’ दंडात किंवा कमरेत घेऊ नका. ते औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. बाळ व्हायच्या आधी ते द्यायचं तर फक्त सलाईनमधून, थेंब मोजून, ठोके ऐकत ऐकत, जिथे सिझरची सोय आहे तिथेच. स्नायूत एकदम दिलं तर ते परत काढता येत नाही. कळा एकमेकींना चिकटून येतात, मधली उसंत जाते, त्या उसंतीत बाळाला मिळणारा ऑक्सिजन जातो आणि गर्भपिशवी फाटूही शकते. हेच औषध बाळ झाल्यावर एका मिनिटात मांडीत १० युनिट देतात, आणि ते आईचा जीव वाचवतं. वरून पोट दाबून बाळ ढकलणंही नको. कोणी करू लागलं तर ‘दाबू नका’ म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे.

जोर कधी लावायचा? शी लागल्यासारखा आवरत नाही असा दाब खाली आला आणि सिस्टरनी पूर्ण उघडल्याचं सांगितलं की. त्याआधी लावलेला जोर वाया जातो, गर्भपिशवीच्या तोंडाला सूज येते आणि तुम्ही थकता. कळ येईल तेव्हा हनुवटी छातीला, जोर खाली; कळ गेली की अंग सैल सोडून श्वास. पहिल्या वेळी हा भाग तीन तासांपर्यंत चालू शकतो. डोकं दिसून ताण जळजळायला लागला आणि सिस्टर ‘आता थांबा’ म्हणाल्या की जोर सोडून तोंडाने धापा टाकल्यासारखे छोटे श्वास घ्या. डोकं हळूहळू बाहेर आलं तर फाटण्याची शक्यता कमी होते. वाट मोठी करायला कापणं आणि टाके प्रत्येकीला लागतातच असं नाही.

बाळ बाहेर आलं की पुसतात आणि रडतंय, श्वास घेतंय ना बघतात. श्वास घेत नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत पिशवी आणि मास्कने हवा द्यायला लागतात. तिथे कोणी अडवू नये. पण बाळ रडतंय, तर पुढचा तास तुमचा आहे. उघड्या अंगाने तुमच्या उघड्या छातीवर पालथं, डोक्यावर टोपडं, पाठीवर कोरडं दुपटं, मान एका बाजूला आणि नाक मोकळं. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापली तर वारेतलं रक्त बाळाला मिळतं आणि पुढे अंगात लोह कमी पडत नाही. वार साधारण अर्ध्या तासात पडते. वजन करणं, कपडे घालणं, फोटो, नातेवाइकांना दाखवणं हे सगळं तासाभराने झालं तरी चालतं. सिझर झालं तर तुम्ही आत असेपर्यंत आजीच्या किंवा बाबाच्या छातीवर असंच ठेवता येतं. आजींना मधाऐवजी हे काम द्या. माझा अनुभव असा की त्या ते जिवापाड करतात.

मध का नको? त्यात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. गुटी, साखरपाणी, गाईचं दूध, तेही नको. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभर, ५ ते ७ मिलीच मावतं. चीक तेवढाच येतो, तेवढाच पुरतो. ‘दूधच येत नाही’ म्हणून पावडरची बाटली पहिल्याच रात्री सुरू होते, तिथे खरं दूध मागे पडतं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजा. पाजताना बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं हवं, तोंड जांभईसारखं मोठं उघडलं की मगच छातीशी घ्या. नुसतं बोंड नको, भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा: हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वर जास्त दिसतोय आणि खाली कमी. पहिल्या काही घोटांनंतरही दुखत असेल तर पकड चुकलीय. करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडवा आणि पुन्हा लावा. तशीच ओढलीत तर चिरा पडतात.

घरी नेण्याआधी बाळाला व्हिटॅमिन केचं इंजेक्शन, बीसीजी, पोलिओचे थेंब आणि २४ तासांच्या आत काविळीची लस मिळाली का, हे कार्डावर बघा. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी नावाचं इंजेक्शन तुम्हाला ७२ तासांत हवं. पहिली आंघोळ २४ तासांनी. नाळेला हळद, तेल, पावडर काही नको, कोरडी ठेवा. डोळ्यांत काजळ नको. पहिल्या २४ तासांत काळी चिकट शी आणि लघवी व्हायला हवी, पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज सहा-सात लंगोट ओले. पहिल्या दिवशीच पिवळेपणा, किंवा पुढे कधीही तळहात-तळपाय पिवळे, दूध न ओढणं, अंग गार किंवा तापलेलं, धाप: तत्काळ दवाखाना. पाचवी, बारसं बाजूला ठेवून.

तुमच्याकडेही कोणीतरी बघायला हवं. बाळंतपणानंतर बेंबीजवळ हात ठेवला तर गर्भपिशवी नारळासारखी टणक लागायला हवी. मऊ लागली आणि रक्त वाहतंय, तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतंय, लिंबाएवढ्या गाठी पडताहेत, तर सिस्टरना हाक मारा. घरी असाल तर १०८. ताप, घाण वास, एका पोटरीत दुखणं, डोकेदुखी आणि झटके ही लक्षणं सहा आठवड्यांपर्यंत लक्षात ठेवा. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा खुशाल खा, पाणी मात्र कोणी तोडू नये; दूध पाजणाऱ्या बाईला तहान जास्तच लागते. शेक घ्यायचा तर बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्या वायूला वास नसतो, आणि आई-बाळ दोघांनाही तो झोपेत गाठतो. गरम पाण्याची पिशवी वापरा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू येईल, ते सहसा आठवड्याभरात ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर आईला सांगा, डॉक्टरांना सांगा, नाहीतर १४४१६ या मोफत टेलि-मानस क्रमांकावर मराठीत बोला. बरंवाईट करण्याचा विचार मनात आला तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी बोला.