कृषी सल्ला : कीटकभक्षी झाडांना हिवाळ्यातच कोंब फुटले तर

शेतकरी आणि रोपवाटिकाधारक मित्रांनो,

थंडी अजून सरलेली नसताना कीटकभक्षी झाडे जागी झाल्याच्या तीन तक्रारी आल्या आहेत. एकाचे व्हीनस फ्लायट्रॅप (सापळ्यासारखी पाने मिटून किडे पकडणारे झाड) खोलीतल्या खिडकीशी जेमतेम सहा आठवडे निजले, म्हणजे वाढ थांबवून विसावले, आणि आता मधल्या भागातून नवी पाने काढते आहे. दुसऱ्यांच्या पॉलिहाउसमधील सारासेनियाला (सुरईसारख्या पानांत किडे पकडणारे झाड) कळ्यांचे देठ आले आहेत. तिसऱ्यांनी फ्रिजमध्ये ठेवलेल्या दवबिंदू (ड्रॉसेरा) या झाडाच्या हिवाळी कळ्या, म्हणजे थंडीत घट्ट मिटलेले पानांचे कोंब, उलगडल्या असून काहींवर बुरशी आहे. तिघांनीही विचारले आहे : झाड पुन्हा झोपवावे का?

झाडाची झोप किती झाली आणि जाग कशाने आली, हे आधी पाहा. फ्लायट्रॅप मूळचे अमेरिकेतील नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या किनारी मैदानातले. तिथे दिवस लहान होऊन गारठा वाढला की वाढ थांबते आणि जमिनीखालच्या जाड खोडात साठवलेल्या पिष्टावर झाड तीन ते चार महिने काढते. या काळात त्याला साधारण 0 ते 10 अंश सेल्सिअस तापमान मानवते. ऊब आणि लांब दिवस मिळाले की त्याला वसंत आल्यासारखे वाटते. घरातली ऊब किंवा चौदा तास जळणारा दिवा नेमके हेच करतो. मग साठा खर्चून पाने येतात, पण हिवाळ्याच्या मंद उन्हात ती पाने तेवढे अन्न परत मिळवत नाहीत. खरे नुकसान इथे होते, आणि ते डोळ्यांना लगेच दिसत नाही.

सहा आठवड्यांची झोप अपुरी आहे. म्हणून पहिल्या शेतकऱ्यांनी कुंडी गार पण उजेडाच्या जागी हलवावी. बिनतापवलेल्या खोलीची खिडकी किंवा बंदिस्त ओसरी चालेल. तापमान 2 ते 10 अंशांच्या दरम्यान राहिले तर उत्तम. बदल आठवडाभरात टप्प्याटप्प्याने करा. उबदार खोलीतून एका रात्रीत गोठवणाऱ्या हवेत नेऊ नका. दिवा असेल तर बंद करा किंवा आठ-नऊ तासांवर आणा. वाढ पूर्ण थांबणार नाही, मंदावेल, आणि तेवढे पुरते. असे आणखी सहा-सात आठवडे काढा.

कोंब आलेले झाड अंधाऱ्या फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. कोवळी पाने तिथे सडतात आणि ती सड खोडापर्यंत उतरू शकते. हिरवी पाने कापून झाड 'झोपवण्याचा' प्रयत्नही नको. हिरवे पान काही ना काही कमावत असते. पूर्ण काळी पडलेली पाने तेवढी काढा, कारण करडी बुरशी त्यांच्यावरच आधी बसते.

गार जागा मिळतच नसेल तर अर्धवट उपाय करू नका. ऊब आणि अपुरा उजेड ही जोडी सर्वांत वाईट. पाने लांबुडकी, लोळणारी होतात. त्यापेक्षा भरपूर प्रकाश देऊन झाडाला वाढू द्या आणि पुढच्या हिवाळ्यात विश्रांती पूर्ण करा. सशक्त झाड एखादी अपुरी झोप सहसा सोसते. ओळीने दोन-तीन वर्षे तसे झाले तर ते खचत जाते. झोप दहा आठवड्यांहून जास्त झाली असेल, तर जागे होऊ द्या आणि फक्त कडाक्याच्या थंडीपासून जपा.

आता खताबद्दल, कारण कोंब दिसला की आपला हात आपोआप तिकडे जातो. कृपा करून थांबा. ही झाडे अन्नद्रव्ये जवळजवळ नसलेल्या दलदलीतली आहेत. मातीत टाकलेले खत मुळे जाळते. पीट (दलदलीतल्या शेवाळाचा कुजलेला चुरा) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) किंवा धुतलेली सिलिका वाळू एवढेच माध्यम ठेवा. पाणी पावसाचे, डिस्टिल्ड किंवा आरओचे, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 50 पीपीएमच्या खाली असावे. थंडीत ताटलीत पाणी साचवू नका, माध्यम फक्त ओलसर राहू द्या. सापळ्यांना किडे भरवू नका, बोटाने डिवचूही नका. गारठ्यात पचन मंद असते, भक्ष्य आत कुजते आणि सापळाही जातो.

सारासेनियाची गोष्ट वेगळी. त्यांच्यात फुलाचे देठ बहुधा सुरईसारख्या पानांच्या आधीच वर येतात, आणि सारासेनिया फ्लावासारखी जात मुळातच लवकर उठते. म्हणजे हिवाळा संपत आला असेल तर कळी दिसणे हा बिघाड नव्हे. पण पॉलिहाउस दुपारी किती तापते, ते कुंडीच्या उंचीवर तापमापक ठेवून पाहा. थंडीतही ऊन साचून आत पारा वीस अंशांच्या वर जातो. दिवसा झडपा उघडा, उन्हाच्या वेळी सावलीचे जाळे ओढा. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर कुंड्यांवर फ्लीसचे (झाडे झाकायच्या हलक्या कापडाचे) आवरण घाला, सकाळी काढा. कुंडीतली मुळे जमिनीतल्या मुळांपेक्षा लवकर गोठतात, म्हणून कुंड्या एकमेकींना चिकटवून जमिनीवर ठेवा. एखादी कळी करपली तरी खोड शाबूत असेल तर पाने येतील. अशक्त झाडाची कळी मात्र लहान असतानाच खुडा. हाच नियम फ्लायट्रॅपच्या फुलाच्या देठालाही लागू.

दवबिंदूच्या उलगडलेल्या कळ्या आजच बाहेर काढा. मऊ, तपकिरी झालेल्या फेकून द्या. आतून कडक आणि हिरव्या असलेल्या ओल्या पीट-वाळूवर ठेवून गार, उजेडाच्या जागी न्या आणि उजेड हळूहळू वाढवा. तांबेयुक्त बुरशीनाशक वापरू नका. ही झाडे ते सोसत नाहीत.

आणखी एक : सगळ्याच कीटकभक्षी झाडांना थंड झोपेची गरज नसते. उष्ण कटिबंधातली घटपर्णी आणि केप दवबिंदू हिवाळ्यात वाढत असतील तर त्यांना गारठ्यात ठेवू नका. कुंडीवर जातीचे नाव नसेल तर उपाय करण्याआधी जात ओळखून घ्या.