जुन्या गाडीचा मूळ नंबर परत मिळेल का?

जुनी गाडी रंगवून-सजवून तयार होते आणि मग नंबरापाशी येऊन अडते, अशी बरीच पत्रं यावेळी आली आहेत. त्यातली चार निवडली. एकाच गोष्टीचा पुन्हा पुन्हा उल्लेख होईल, त्याला इलाज नाही: नंबर पाटीवर नसतो, आरटीओच्या नोंदवहीत असतो.

प्रश्न : आजोबांची १९५५ ची फियाट अकराशे, म्हणजे डुक्कर फियाट, वीस वर्षांपासून शेडमध्ये उभी आहे. आरसी बुकात मुंबई राज्याचा पहिला नंबर लाल शाईनं खोडलाय आणि वर ‘एमवाय’नं सुरू होणारा नंबर लिहिलाय. ऑनलाइन टाकला की ‘नोंद आढळली नाही’ येतं. पहिला नंबर परत मिळवता येईल का? आणि सुरुवात कुठून करायची? (खानापूर)

उत्तर : तुमची गाडी कुठं गेली नाही, राज्य बदललं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आला. ‘एमवाय’ हे त्या म्हैसूरचं अक्षर. आजचं कर्नाटकचं ‘केए’ आलं ते १९८९ मध्ये, नव्या मोटार वाहन कायद्यासोबत. म्हणून तुमच्या बुकात दोन राज्यांचे दोन नंबर दिसतात, आणि दोन्ही खरे आहेत.

पण परत मागता येईल तो दुसरा, ‘एमवाय’चा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी नवे नियम आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली दुचाकी किंवा चारचाकी, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसलेली, अशी अट आहे. आधीच नोंद असलेल्या गाडीला आपला मूळ नंबर ठेवता येतो, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आमच्या मते इथं ‘मूळ’ म्हणजे नोंदवहीत शेवटचा चालू असलेला नंबर. लाल शाईनं खोडलेला नंबर सरकारनं स्वतःच बदललाय, त्यामागं लागलात तर हातचाही अडकेल. ब्रिटनमध्ये ‘व्ही ७६५’ नावाची योजना आहे, तिथं क्लबचा दाखला जोडून हरवलेला पहिला नंबर परत मागता येतो. आपल्याकडं तशी सोय नाही. खोडलेल्या पानाचा चांगला फोटो काढून गाडीच्या इतिहासाच्या फाइलमध्ये ठेवा, प्रदर्शनात त्याची किंमत मोठी असते.

आता क्रम. हाच बहुतेकांचा चुकतो. लोक आधी विमा काढायला जातात, विमावाले म्हणतात नंबर सिस्टीममध्ये नाही. पीयूसीवाला तेच सांगतो. म्हणून पहिलं काम बॅकलॉग एन्ट्रीचं: कागदी नोंदवहीतली तुमची गाडी ‘वाहन’ या संगणक प्रणालीत चढवून घेणं. खानापूर तालुका बेळगाव आरटीओत, केए-२२ मध्ये येतो. अर्जासोबत मूळ आरसी बुक, त्याच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स (कोरी पानंसुद्धा), टॅक्सच्या जुन्या पावत्या, सापडली तर टॅक्स टोकनची गोल चकती आणि जुना विमा द्या. एन्ट्री झाली की लगेच बी एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे गाडीच्या नोंदीचा उतारा, मागून घ्या आणि तिथंच उभं राहून अक्षर न अक्षर बुकाशी ताडून पाहा. इंजिन नंबर चेसिसच्या रकान्यात जाणं, इंग्रजी ‘ओ’चं शून्य होणं, ‘आय’चा एक होणं या तीन चुका नेहमीच्या. त्या दिवशी सुधारायला पाच मिनिटं लागतात. सहा महिन्यांनी सुधारायला पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी.

कार्यालयात जुनी नोंदवहीच सापडत नाही असं तोंडी सांगितलं, तर माहिती अधिकारात अर्ज टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून आजोबांची सगळी हकिगत लिहू नका. नंबर, चेसिस नंबर, आरसीची तारीख आणि ‘नोंदवहीतील उताऱ्याची प्रमाणित प्रत मिळावी’ एवढं पुरे.

दुसरं काम मालकीचं. आजोबा हयात नसतील तर फॉर्म ३१, मृत्यू दाखला, नाडकचेरीतून (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) वंशावळ आणि बाकी वारसांचं नोटरीसमोरचं संमतीपत्र. आत्या, काका सगळे धरून. एक सही राहिली की फाइल तिथंच थांबते. बुकात ‘बेळगाव’ आणि आधारवर ‘बेळगावी’ असं असेल तर घाबरू नका, शहराचं नाव २०१४ मध्ये बदललं हे कार्यालयाला ठाऊक आहे. आजोबांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांत वेगळं असेल तर मात्र ‘एकच व्यक्ती’ असं अॅफिडेव्हिट लागतं.

तिसरं, विमा. ऑनलाइन फॉर्मला दोन अक्षरं-दोन आकडे अशीच रचना लागते, तुमचा तीन अक्षरांचा नंबर तो गिळत नाही. बी एक्स्ट्रॅक्ट घेऊन सरकारी विमा कंपनीच्या शाखेत जा, तिथं हातानं भरून देतात.

मग शेवटी नोंदणी, आणि इथं दोन वाटा आहेत. व्हिंटेज वाट: परिवहन पोर्टलवर फॉर्म २०, सोबत विमा आणि जुनी आरसी, शुल्क पहिल्या वेळी २०,००० रुपये आणि पुढच्या पुनर्नोंदणीला ५,०००, अर्जापासून ६० दिवसांत प्रमाणपत्र, मुदत १० वर्षं. पण मग गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, त्यासाठीचा जाण्या-येण्याचा प्रवास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यालाच परवानगी. साधी वाट: फॉर्म २५ भरून नोंदणीचं नूतनीकरण, दर ५ वर्षांनी. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला त्याचं शुल्क १०,००० रुपये, अधिक जीएसटी. शिवाय उशिराचे महिन्यामागं ५०० रुपये आणि ग्रीन टॅक्स. तुमची गाडी वीस वर्षं उभी आहे, तेव्हा उशिराचं शुल्क कोणत्या तारखेपासून मोजणार हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. दर रविवारी कुटुंबाला घेऊन फिरायचं असेल तर दुसरी वाट. वर्षातून दोन-चार रॅल्या एवढाच बेत असेल तर पहिली.

प्रश्न : कोल्हापूरहून १९७४ ची अॅम्बॅसिडर घेतोय. तीन अक्षरांचा जुना महाराष्ट्राचा नंबर आहे, तोच ठेवायचाय. मित्र म्हणतात, पाहुण्यांच्या कोल्हापूरच्या पत्त्यावर ठेव आणि इथं चालव. (निपाणी)

उत्तर : पाहुण्यांना त्रासात घालू नका. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावाच लागतो. सीमेवर हे सर्रास चालतं, अपघात होईपर्यंत. मग विमा कंपनी विचारते की मालक कोल्हापुरात आणि गाडी वर्षानुवर्षं निपाणीत कशी.

नेहमीच्या रस्त्यानं गेलात, म्हणजे फॉर्म २८ च्या तीन प्रतींवर एनओसी (ना हरकत दाखला), मग मालकी बदलाचे फॉर्म २९, ३० आणि नव्या नंबराचा २७, तर चिक्कोडी आरटीओ केए-२३ चा नंबर देईल आणि जुना गेला. शिवाय कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स वेगळा. एनओसीच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर ती दिली असं कायदा मानतो, पण आमचा अनुभव असा की छापील कागदाशिवाय पुढचं कार्यालय हलत नाही.

जुना नंबर हवाच असेल तर आमचा सल्ला: व्यवहार पूर्ण करण्याआधी विकणाऱ्याकडून महाराष्ट्रातच गाडीची व्हिंटेज नोंदणी त्याच नंबरावर करून घ्या. आणि नंबर कायम राहील असं दोन्ही आरटीओंकडून लेखी मिळाल्यावरच उरलेले पैसे द्या. पन्नास वर्षं मोजताना मॉडेलचं साल धरू नका, बुकातली पहिल्या नोंदणीची तारीख धरा. १९७४ ची गाडी १९७६ मध्ये नोंदवलेली सापडू शकते. आणि बॉनेट उघडून बघा. अनेक अॅम्बॅसिडरांत मधल्या काळात दुसरंच डिझेल इंजिन बसवलेलं आहे. ते आरसीवर चढलेलं असलं तरी व्हिंटेजच्या अटीत गाडी बसत नाही. तसं असेल तर नंबराचा नाद सोडून फक्त गाडी म्हणून भाव करा.

प्रश्न : चेसिस नंबरावर रंगाचे पाच-सहा थर आणि खाली गंज. मेस्त्री म्हणतो ग्राइंडर मारून नंबर पुन्हा पंच करू. (बेळगाव, शहापूर)

उत्तर : मेस्त्रीच्या हातातला ग्राइंडर आधी काढून घ्या. हा नंबर पत्र्यात उथळ ठोकलेला असतो. ग्राइंडरची चकती दोनदा फिरली की नंबर जातो आणि आजूबाजूला चकचकीत खरवड उरते. इन्स्पेक्टरला चोरीची गाडी अशीच दिसते.

पेंट रिमूव्हर ब्रशनं लावा, दहा मिनिटं थांबा, सुटलेला थर लाकडी पट्टीनं किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डानं ओढा. थर जेवढे तेवढ्या वेळा. तारेचा ब्रश नको, नायलॉनचा चालतो. गंजावर रॉकेल किंवा टर्पेंटाइनचा बोळा रात्रभर ठेवा, सकाळी कापडानं पुसा. मग खडूची पूड चोळून वरचं पुसून टाका. खाचांत पांढरं राहतं आणि आकडे उठून दिसतात. आधी फोटो, तोही बाजूनं टॉर्च धरून. त्यानंतर खडू पूर्ण धुवून, जागा कोरडी करून पेन्सिल प्रिंट, म्हणजे नंबराचा कागदावर ठसा. बटर पेपर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीनं ताणून बसवा आणि टू-बी पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं फिरवा. जोर दिला की कागद खाचेत फाटतो. किमान सहा प्रिंट काढून ठेवा, कारण प्रत्येक फॉर्मवर नवा लागतो आणि झेरॉक्स चालत नाही. काम झालं की जागेवर रंग नको, पातळ ग्रीस लावा. खानापूर-बेळगावच्या पावसात उघडा पत्रा एका मृगात तांबडा होतो.

एखादा आकडा खरंच गेला असेल तर पुन्हा पंच करता येतो, पण आरटीओच्या लेखी परवानगीनंतरच. फियाट-अॅम्बॅसिडरच्या इंजिनमागच्या पत्र्यावर रिव्हेटनं ठोकलेली कंपनीची पट्टी असते. ती कधीही काढू नका. नव्या रिव्हेट दिसल्या की प्रश्न सुरू होतात. जावा-येझदीवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: कारखान्यातून चौकटीचा आणि इंजिनाचा नंबर सारखाच यायचा, त्यामुळं बदललेलं इंजिन तपासणीत पहिल्या मिनिटाला कळतं.

प्रश्न : नूतनीकरण झालं, जुना नंबर मिळाला. आता काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं रंगवून लावली तर? (चिक्कोडी)

उत्तर : रस्त्यावर नाही. नंबर जुना राहिला तरी पाटी आजच्या नियमाची, म्हणजे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट). मोटारीसाठी ५०० बाय १२० किंवा ३४० बाय २०० मिलिमीटर असे दोन आकार आहेत. जुन्या गाडीच्या मागच्या चौकोनी जागेत दुसरा नीट बसतो, बुकिंग करतानाच तसं सांगा. स्नॅप लॉक एकदा बसला की तोडल्याशिवाय निघत नाही. म्हणून फिटरला क्रोमच्या बंपरला भोक पाडू देऊ नका. आधी ३ मिलिमीटर अॅल्युमिनियमची पट्टी जुन्या पाटीच्याच बोल्टांवर बसवून घ्या आणि लॉक त्या पट्टीत मारायला लावा. काळी पाटी डिकीत ठेवा, प्रदर्शनाच्या मैदानात गाडी उभी केल्यावर समोर टेकवून ठेवायला कुणाची हरकत नाही.