बर्फाचा फोटो काढायचाय? आधी थर्मामीटर बघा

प्रश्न : दादा नमस्कार, मी टोरंटोजवळ मिसिसागाला राहते. सगळ्यांचे कसे सहा पाकळ्यांच्या स्नोफ्लेकचे फोटो येतात आणि माझा नुसता पांढरा गोळा. १०० एमएमची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी) घ्यायचं म्हटलं तर नवरा म्हणतो, आहे त्यात आधी जमवून दाखव. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स आहे आणि एक जुनी मॅन्युअल ५० एमएम. काय करू?

उत्तर : ताई, भाऊजींची बाजू घेतोय असं समजू नका, पण लेन्सचं नंतर बघू. गोळा येतो तो लेन्समुळे नाही, बर्फ पडताना हवा शून्याच्या आसपास असते ना, तेव्हा फ्लेक ओलसर होऊन एकमेकांना चिकटतात आणि दहावीस मिळून एक पुंजका खाली येतो, त्याचा तुम्ही कितीही भारी लेन्सनं फोटो काढा, पुंजकाच दिसणार.

आकार ठरतो ढगातल्या तापमानावर आणि तिथं बाष्प किती आहे त्यावर. मायनस २ च्या आसपास छोट्या चपट्या षटकोनी चकत्या होतात, मायनस ५ ला सुया आणि बारीक नळकांडी (ह्यांचा फोटो काढून काही मजा नाही), आणि मायनस १५ च्या जवळ बाष्प भरपूर असेल तर त्या मोठ्या चांदण्या, फांद्या फुटलेल्या, ज्या तुम्हाला हव्यात. हे शोधलं जपानच्या उकिचिरो नाकाया यांनी, होक्काइदोला सशाच्या केसावर लॅबमध्ये हिमकण वाढवून, १९३६ साली. आता ढगात थर्मामीटर लावायला कोण जाणार, म्हणून आपला ठोकताळा असा की बाल्कनीत मायनस ५ च्या खाली आणि मायनस १५ च्या वर असेल, वारा नसेल आणि बर्फ हलका हलका पडत असेल तर जेवण ओट्यावर तसंच ठेवून बाहेर पळा. आणि आधी फोटो काढू नका, काळ्या बाहीवर काय पडतंय ते नुसतं बघा, सुयाच पडत असतील तर आत येऊन चहा घ्या, तासाभरानं परत बघा, एकाच वादळात आकार बदलत राहतात.

पकडायला काळा लोकरी मोजा किंवा मफलर, पण तो अर्धा तास आधी बाहेर ठेवलेला. लोकरच का, तर फ्लेक धाग्यांच्या टोकांवर अधांतरी राहतो, कापडाला फारसा टेकत नाही. हलवायचा असेल तर चित्रकलेचा बारीक ब्रश, तोही गार झालेला. श्वास बाजूला सोडा, तोंडाची एक वाफ लागली की खेळ खल्लास.

आता लेन्स. तुमची ५० एमएम उलटी करून रिव्हर्स रिंगनं (लेन्स उलटी बसवायची कडी) लावा, रिंग अगदी स्वस्त मिळते, आणि मॅन्युअल असल्यानं अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) हातानं बदलता येतं हा मोठाच फायदा. किंवा कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे एक पोकळ नळी, टाका. नुसत्या १०० एमएम मॅक्रोनं तरी काय होणार होतं बघा, ती बहुतेक १:१ ची असते, म्हणजे वस्तू जेवढी तेवढीच सेन्सरवर उमटते, आणि फ्लेक असतो २-३ मिलिमीटरचा, म्हणजे २३ मिलिमीटर रुंद सेन्सरवर आठवा-दहावा भाग भरणार, ट्यूब त्यालाही लागलीच असती. मॉस्कोच्या अलेक्सेई क्ल्यातोव्ह यांनी तर घराच्या बाल्कनीत साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यापुढं जुनी रशियन हेलिओस लेन्स उलटी धरून जगभर गाजलेले फोटो काढलेत.

फोकस एका वेळी फ्लेकच्या एका पट्टीतच बसतो. म्हणून कॅमेरा किंचित पुढं सरकवत पटापट वीस-तीस फ्रेम घ्या आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक करा, म्हणजे प्रत्येकातला स्पष्ट भाग जोडून एकच फोटो करा. फ्लॅश असेल तर उत्तम, हात हलला तरी चालतं. उजेड जरा तिरपा धरला की फ्लेकचा पृष्ठभाग काचेसारखा चमकतो आणि आतल्या रेषा उठून दिसतात, बर्फ मुळात पारदर्शकच असतो ना, समोरून सपाट उजेड टाकला की सगळं धुऊन जातं. जादा बॅटरी आतल्या खिशात. आणि घरात शिरायच्या आधी कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा, नाहीतर सगळी वाफ लेन्सवर धरते.

प्रश्न : जानेवारीत पुण्याहून गुलमर्गला चाललोय. फक्त मोबाईल आहे, काही जमेल का?

उत्तर : जमेल की! फोनचा सेन्सर लहान असल्यामुळे त्यात फ्लेक उलट मोठा दिसतो. मॅक्रो मोड असेल तर बघा, नाहीतर क्लिपवाली १०एक्सच्या वरची लेन्स न्या. गोंडोलानं (रोपवेनं) अफरवाट शिखराकडे वर जाऊन काढू असं मात्र ठरवू नका, तिथं ३,९०० मीटरच्या वर वाऱ्यानं फ्लेक एकमेकांवर आपटून फांद्या तुटतात. हॉटेलच्या पडवीत रात्री टॉर्च घेऊन उभे राहा, ते बरं.

प्रश्न : फोटोत लोकरीचे धागे येतात. फोटोशॉपमध्ये काढून मागं काळं केलं तर चीटिंग का?

उत्तर : नाही हो. अमेरिकेत व्हर्मॉन्टमधल्या जेरिको गावचा शेतकरी विल्सन बेंटली, ज्यानं १५ जानेवारी १८८५ ला हिमकणाचा आपला पहिला फोटो सूक्ष्मदर्शकातून काढला आणि पुढं ५,००० च्या वर काढले, तोसुद्धा निगेटिव्हवर फ्लेकच्या कडेनं खरवडून मागचा भाग काळा करायचा. धागे काढा बिनधास्त. पण एक सुंदर फांदी कॉपी करून सहा वेळा चिकटवणारे लोक आहेत, ते मला पटत नाही. खऱ्या फ्लेकची एखादी फांदी आखूड असते, एखादी तुटकी, कारण पडताना तो गरगरत, धडकत येतो, अगदी सहाही सारख्या असलेला मिळणं तसं दुर्मिळच. त्यामुळे स्पर्धेला आलेला फोटो फार सरळ दिसला की मी आधी झूम करून सहाही फांद्या शेजारी शेजारी लावून बघतो.