वाचकांचे प्रश्न: ड्रोन घेतला, आता त्याला काम काय द्यायचं?

या वेळच्या पत्रांत, आखून दिलेल्या मार्गाने आपोआप उडणाऱ्या छोट्या ड्रोनबद्दलची पत्रं सगळ्यात जास्त होती. माझी सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली, त्यामुळे या यंत्राकडे मी मोजणीच्याच नजरेने बघते. निवडक पत्रांना उत्तरं देते आहे.

प्रश्न: मुलाने ड्रोन भेट दिला. नकाशावर बिंदू ठेवले की तो स्वतः फिरून येतो. घराभोवतीचे व्हिडिओ काढून हौस फिटली, आता कपाटात पडून आहे. घरात त्याचा खरंच काही उपयोग आहे का?

उत्तर: भरपूर आहे. आज जिथून फोटो काढला तिथूनच सहा महिन्यांनी पुन्हा काढणं, हे काम तो माणसापेक्षा चांगलं करतो. मोजणीत आम्ही एकच खूण पुन्हा पुन्हा गाठायला किती धडपडायचो! ड्रोनच्या मार्गात प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश, उंची, तोंडाची दिशा आणि कॅमेऱ्याचा कोन साठवलेला असतो. तेव्हा सुरुवात छपरापासून करा.

छपराभोवती आठ-दहा बिंदूंचा मार्ग आखून जपून ठेवा. एकदा पावसाळ्याआधी उडवा, एकदा नंतर. दोन्ही वेळचे फोटो शेजारी ठेवलेत की सरकलेलं कौल, पन्हळीत साचलेला पाला, भिंतीवर वाढत चाललेला ओलीचा डाग शिडी न लावता दिसतो. शिडीवरून पडून जायबंदी होणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हा उपयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

उजेडाकडे मात्र लक्ष द्या. डाग बघायचे असतील तर ढगाळ दिवस चांगला, सावल्या मध्ये येत नाहीत. छप्पर कुठे दबलंय ते बघायचं असेल तर सकाळचं तिरपं ऊन हवं, कारण सावलीच खोलगट भाग दाखवते. आणि तुलना करायची तर दोन्ही वेळा उजेड सारखाच हवा.

भिंतीपासून अंतर भरपूर ठेवा. साध्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक असतेच. उंची बहुतेक ड्रोन हवेच्या दाबावरून ओळखतात. समुद्रसपाटीजवळ दाबात एक हेक्टोपास्कलचा फरक पडला तर उंचीचा हिशोब सुमारे ८ मीटरने बदलतो. वारा-वादळाची चिन्हं असलेल्या दिवशी म्हणूनच छपराजवळ जाऊ नका. बारीक तारा तर अडथळे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यालाही अनेकदा दिसत नाहीत. मार्ग आखण्याआधी पायी फिरून त्या स्वतः बघून घ्या.

प्रश्न: माझी आई ओढ्यापलीकडे दोन किलोमीटरवर एकटी राहते. तिची औषधं ड्रोनने पाठवू का?

उत्तर: नका पाठवू. तुमची काळजी समजते, पण छंदाचा ड्रोन मुख्यतः स्वतःचं आणि कॅमेऱ्याचं वजन उचलण्यासाठी बनवलेला असतो. लटकवलेली पिशवी वाऱ्यात झोके घेते, बॅटरी लवकर संपते, आणि दोन किलोमीटरवर तो तुमच्या नजरेआड झालेला असतो. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवावा, असा नियम बहुतेक देशांत आहे, आणि तो योग्यच आहे. रवांडात २०१६ पासून रक्ताच्या पिशव्या ड्रोनने पोचवल्या जातात, पण ती पंखांची मोठी विमानं आहेत, पिशवी पॅराशूटने सोडतात आणि मागे प्रशिक्षित माणसांचा ताफा असतो.

तुमच्या ड्रोनला दुसरं काम द्या. आईकडे निघण्याआधी ओढ्याच्या अलीकडच्या काठावरून तो वर चढवा आणि पाणी किती चढलंय, वाट वाहून गेली आहे का, ते बघून घ्या.

प्रश्न: आमची फळबाग आहे. ड्रोनने बागेचा नकाशा होतो म्हणतात. तो कितपत खरा असतो? झाडांचं आरोग्य त्यात कळतं का?

उत्तर: नकाशा उत्तम होतो. ड्रोनला नांगराच्या तासांसारखं समांतर रेघांत फिरवायचं आणि कॅमेरा सरळ खाली ठेवायचा. एका रेघेतले लागोपाठचे फोटो एकमेकांवर ७५ ते ८० टक्के चढलेले हवेत, शेजारच्या रेघांतले ६० ते ७० टक्के. ओपनड्रोनमॅप हे मोफत सॉफ्टवेअर ते जोडून एकसंध नकाशा आणि जमिनीच्या चढ-उतारांचं प्रारूप बनवतं. १२ मेगापिक्सेलच्या नेहमीच्या छोट्या कॅमेऱ्यात ५० मीटर उंचीवरून एक ठिपका जमिनीवरच्या साधारण २ सेंटीमीटरएवढा असतो. मेलेलं झाड, तुटलेल्या नळीभोवतीची ओल, पाणी साचणारा खळगा हे त्यात स्पष्ट कळतं.

वारा पडलेला असताना उडवा. पानं हलली की दोन फोटोंतलं तेच झाड वेगळं दिसतं, जोडणी फसते आणि झाडांच्या जागी चिखल झाल्यासारखं चित्र येतं. तरीही जमलं नाही तर उंची वाढवा.

अंतरं किती बरोबर आली ते तपासायला बागेत दोन ठळक खुणा ठेवा, त्यांच्यातलं अंतर टेपने मोजा आणि नकाशावरच्या अंतराशी ताडून बघा. बागेतला उतार कुठून कुठे आहे हे असा नकाशा बरंच चांगलं सांगतो. समुद्रसपाटीपासूनची नेमकी उंची मात्र त्यावरून धरू नका. ती हवी असेल तर जमिनीवर अचूक मोजलेले बिंदू किंवा सेंटीमीटरपर्यंत अचूक असलेलं आरटीके जीपीएस लागतं. शेताच्या हद्दीचा वाद या नकाशावर कधीही सोडवू नका, हे मी जुनी मोजणीदार म्हणून अगदी आग्रहाने सांगते.

आरोग्याचं म्हणाल, तर साधा कॅमेरा फक्त हिरवेपणा दाखवतो. झाडावरचा ताण ओळखायला लाल रंगापलीकडची, डोळ्यांना न दिसणारी जी अवरक्त किरणं उपयोगी पडतात, ती त्याच्या गाळणीवरच अडतात. रंगीबेरंगी आरोग्य-नकाशा फक्त साध्या फोटोंवरून काढलेला असेल, तर त्यावर विसंबून खत-औषध ठरवू नका. कुठल्या झाडाजवळ जाऊन पान उलटून बघायचं, एवढं ठरवायला तो पुरे.

प्रश्न: हरवलेला कुत्रा ड्रोनने सापडेल?

उत्तर: मोकळं माळरान असेल तर शक्यता चांगली, दाट झाडीत कमी. हिशोब असा: ५० मीटर उंचीवरून एका फोटोत सुमारे ७५ मीटर रुंदीचा पट्टा येतो. रेघा ५० मीटर अंतराने आखल्या आणि वेग सेकंदाला ५ मीटर ठेवला, तर पंधरा मिनिटांत साधारण २० हेक्टर बघून होतात. कुत्रा त्यात तीसेक ठिपक्यांचा दिसतो, म्हणून उडताना मोबाइलवर शोधत बसू नका. फोटो घरी मोठ्या पडद्यावर दोघा-तिघांनी मिळून बघा. उष्णता टिपणारा कॅमेरा मिळाला तर पहाटे उडवा, तेव्हा जमीन थंड असते. मात्र काळोखात उडवण्याबद्दल तुमच्याकडे काय नियम आहे ते आधी बघा. कुत्रा दिसल्यावर ड्रोन खाली नेऊ नका, आवाजाने तो आणखी लांब पळेल.

ऑस्ट्रेलियात अशा शोधाची स्पर्धाच व्हायची. माळरानात पुतळा ठेवायचे आणि आपोआप उडणाऱ्या विमानाने तो शोधायचा. २०१२ मध्ये कॅनबेराच्या हौशी गटाने तो शोधून काढला.

प्रश्न: शेजारी तक्रार करतात. काय करू?

उत्तर: त्यांचं बरोबर आहे. उडवण्याआधी सांगा, कॅमेरा खाली ठेवा, त्यांच्या आवाराचे फोटो आले तर त्यांच्यासमोर पुसून टाका. ड्रोनने ओलांडू नयेत अशी हद्दीची आभासी कुंपणं अनेक ड्रोनमध्ये घालता येतात, ती घाला.

प्रश्न: मी अकरावीत आहे. ड्रोन स्वतः बांधू की तयार घेऊ? इंटरनेट लागतं का?

उत्तर: वाट ओळखायला इंटरनेट लागत नाही. जीपीएस फक्त उपग्रहांचे संदेश ऐकतं. नकाशाचं चित्र तेवढं आधी उतरवून ठेव. २००० साली अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढली, पुढे मोबाइलमुळे सेन्सर स्वस्त झाले, आणि हौशी लोकांनी उड्डाणाचा मेंदू, म्हणजे ड्रोन चालवणारं सॉफ्टवेअर, स्वतः लिहिला. आर्डूपायलट तसाच जन्मला. पीएक्सफोर या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचं मूळ झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या २००८ च्या विद्यार्थी प्रकल्पात आहे. दोन्हींची संपूर्ण प्रणाली कुणालाही वाचता येते.

काहीही विकत घेण्याआधी आर्डूपायलटचा सिम्युलेटर संगणकावर चालव. त्यात जीपीएस बंद पाड, बॅटरी उतरव, वारा वाढव आणि काय होतं ते बघ. घरी परतण्याची उंची, म्हणजे ड्रोन ज्या उंचीवरून आपोआप माघारी येतो ती, आर्डूपायलटमध्ये मुळात १५ मीटर असते. कित्येक झाडं त्याहून उंच असतात, म्हणून आसपासच्या सगळ्यात उंच झाडापेक्षा ती जास्त ठेव. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो, पण ठेवून द्यायची तर ३.८ व्होल्टवर ठेव. हे हातात बसलं की मग बांधायला घे.

पहिला मार्ग चार बिंदूंचा ठेव, मोकळ्या मैदानात, वेग सेकंदाला २ मीटर आणि बोट सतत ताबा परत घेण्याच्या स्विचवर. उपग्रह पुरेसे सापडेपर्यंत मोटर सुरू करू नकोस, कारण परतीची जागा मोटर सुरू होतानाच नोंदली जाते. उतरल्यावर लॉग फाइल, म्हणजे उड्डाणाची नोंद, उघडून आखलेली रेघ आणि प्रत्यक्ष उडालेली रेघ एकमेकींवर ठेवून बघ, आणि फरक कुठल्या वळणावर पडला ते मला कळव.