दुसरीच्या वर्गाला पहिल्यांदा चित्रकला घेताय ना, मग हे करून बघा

ताई, पहिल्याच दिवशी ब्रश देऊ नका, भेंडी द्या. मंडईत जून झालेली भेंडी स्वस्तात मिळते, ती आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल होतं, पोस्टर कलर बशीत घट्टच ठेवायचा, पाणी जास्त झालं की ठसा पसरतो आणि मुलं हिरमुसतात. मग वारली घ्या, आपल्या पालघरचीच कला, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस तयार, खाकी कागदावर पांढऱ्या रंगाने काढायला लावा, आणि तारपा नाच, म्हणजे तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरून केलेला वारली नाच, काढताना मुलं लोकलची गर्दी काढतील तर काढू देत, खरंच सांगते, त्यांच्या चित्रावर आपला हात अजिबात फिरवायचा नाही. पावसाळ्यात पेपर वाळत नाहीत, दोरी आणि चिमटे आधीच आणून ठेवा.