फळ्याभोवतीचा एक फेरा

प्रश्न : क्योतोच्या सहलीत आम्ही कालव्याकाठच्या ‘तत्त्वज्ञाचा मार्ग’ या पायवाटेवरून चाललो. निशिदा कितारो नावाचे प्राध्यापक तिथे फिरायला येत, एवढेच गाईडने सांगितले. हे गृहस्थ कोण होते? त्यांचे ‘शून्य’ आणि आपल्या बौद्ध आचार्य नागार्जुनाचे शून्य एकच काय?

उत्तर : क्योतो विद्यापीठातून निवृत्त होताना, 1928 साली, जपानी तत्त्वज्ञ निशिदांनी स्वतःचे चरित्र थोडक्यात सांगून टाकले होते. आयुष्याचा पहिला भाग फळ्याकडे तोंड करून बसण्यात गेला आणि दुसरा फळ्याकडे पाठ करून उभे राहण्यात. फळ्याभोवती एक फेरा मारला, की आपली कहाणी संपली, असे ते म्हणाले. हा विनय खरा असला तरी त्यातून बरेच काही निसटते. कानाझावाजवळच्या एका खेड्यात 1870 साली जन्मलेल्या निशिदांनी कानाझावाचे उच्च विद्यालय पदवीविना सोडले. त्यामुळे तोक्योच्या विद्यापीठात त्यांना दुय्यम दर्जाचा ‘विशेष विद्यार्थी’ म्हणूनच प्रवेश मिळाला, आणि अशा विद्यार्थ्यांना ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसण्याची मुभा नसल्याने त्यांना बाहेर व्हरांड्यात बसून वाचावे लागे. 1899 पासूनची दहा वर्षे त्यांनी कानाझावातच शिकवण्यात आणि झेन साधनेत काढली. गुरूंनी ध्यानासाठी दिलेले ‘मू’ (म्हणजे ‘नाही’) हे कोडे 1903 साली सुटल्याचे मान्य झाले, तेव्हा आपल्याला फारसा आनंद झाला नाही, अशी नोंद त्यांनी रोजनिशीत केली. मला हा माणूस आवडतो तो या प्रामाणिकपणासाठी.

1907 साली त्यांची लहानगी मुलगी युको गेली आणि त्याच वर्षी आणखी एक तान्हे बाळही. तशाच दुःखातून गेलेल्या एका मित्राच्या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिताना त्यांनी म्हटले, की काळ सगळ्या जखमा भरून काढतो असे लोक समजावतात, पण आईबापाला ती जखम भरायलाच नको असते. निदान आपण जिवंत आहोत तोवर तरी त्या लेकराची आठवण राहावी, एवढेच त्यांना वाटते. तत्त्वज्ञानाचा उगम आश्चर्यात नसून जीवनाच्या खोल दुःखात आहे, असे त्यांनी पुढे लिहिले, ते या पार्श्वभूमीवर वाचावे.

1911 साली आलेल्या त्यांच्या पहिल्या ग्रंथाचा पाया ‘शुद्ध अनुभव’ हा आहे. एखादा रंग दिसतो किंवा सूर कानी पडतो, त्या क्षणी ‘मी पाहतो आहे’ किंवा ‘हा अमुक रंग आहे’ हा निवाडा अजून झालेला नसतो. पाहणारा आणि पाहिलेले ही फोड नंतरची. म्हणून व्यक्ती आहे म्हणून अनुभव आहे असे नव्हे, तर अनुभव आहे म्हणून व्यक्ती आहे, असे ते सांगतात.

आता शून्याविषयी. ‘जास्वंद तांबडी आहे’ या वाक्यात जास्वंद उद्देश्य आणि तांबडी विधेय. जे केवळ उद्देश्यच असते, कशाचेही विधेय होत नाही, ते ॲरिस्टॉटलच्या मते खरे द्रव्य. 1926 च्या लेखापासून निशिदा उलट्या दिशेने निघाले : तांबडेपणा रंगात सामावतो, रंग त्याहून व्यापक विधेयात, आणि असे मागे जाता जाता जे कधीच उद्देश्य होऊ शकत नाही, ज्याकडे बोट दाखवता येत नाही, पण सगळे ज्याच्यात घडते, ते ‘स्थान’ म्हणजे निरपेक्ष शून्य. नागार्जुन प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे प्रत्येक गोष्ट इतर कारणांवर अवलंबून उपजते या तत्त्वाच्या, आधारे वस्तूंना स्वभाव, म्हणजे स्वतःचे स्वतंत्र अस्तित्व, नाही असे दाखवतो. निशिदा प्लेटो, कांट आणि हेगेल यांच्याशी झुंजत शून्यापाशी येतात. नागार्जुनाच्या महायान बौद्ध परंपरेशी नाते उघड आहे, पण नक्कल म्हणता येणार नाही.

प्रश्न : मग युद्धकाळात हे मोठे विचारवंत गप्प होते काय?

उत्तर : गप्प नव्हते, आणि अडचण तीच आहे. लष्कराशी संबंध असलेल्या मंडळींच्या विनंतीवरून त्यांनी 1943 साली नव्या जागतिक व्यवस्थेवर एक मसुदा लिहून दिला. त्यात राज्यकर्त्यांच्या घोषणा आहेत; त्यांचा अर्थ आतून बदलण्याचा तो प्रयत्न होता असे समर्थक म्हणतात, तर टीकाकारांना ती शरणागती वाटते. मला पहिले म्हणणे हेतूपुरते पटते, परिणामापुरते नाही. निशिदा 7 जून 1945 रोजी कामाकुरात वारले. त्यांचे शिष्य आणि कडवे टीकाकार तोसाका जुन त्याच वर्षी 9 ऑगस्टला तुरुंगात वारले. दुसरे शिष्य मिकी कियोशी सप्टेंबरअखेर कोठडीतच मरण पावले. युद्ध संपून महिना उलटला होता, तरी त्यांची सुटका झाली नव्हती.